सापाचं इंजेक्शन

उत्तनच्या पुढे डोंगर उतरून रस्ता जिथे समुद्रापाशी संपतो, तिथे कासबंदर आहे. ऑक्टोबर लागला की तिथल्या बायका घरामागे रचलेले बांबू बाहेर काढतात, वाळूत रोवतात, आडवे दोर ताणतात आणि मे महिन्यापर्यंत या वलांड्यांवर बोंबील वाळवतात. टेरेझा आणि तिच्या शेजारची स्टेफनी दरवर्षी दोघी मिळून वलांड्या बांधत. टेरेझा साठीच्या पुढची, स्टेफनी तिशीतली. स्टेफनीचा नवरा बस्त्याव हा टेरेझाच्या नवऱ्याच्या, व्हिक्टरच्या बोटीवर तांडेल, बोट हाकणारा. नात्याने पुतण्याच लागायचा. दोन घरांचं पोट एकाच बोटीवर होतं.

त्या सकाळी ढिगातला तळाचा बांबू राहिला होता. एक टोक टेरेझाने धरलं, दुसरं स्टेफनीने. ओढताना स्टेफनी झटकन मागे सरली आणि म्हणाली, काटा लागला वाटतं, काकी. मग गवत हललं आणि दोघींनी घोणस पाहिली. जाड, अंगावर साखळीसारखे डाग. ती सावकाश दगडात शिरली.

टेरेझाने डोक्याचं फडकं सोडून स्टेफनीच्या घोट्याच्या वर आवळून बांधलं आणि तिला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. दवाखाना जवळच, चर्चच्या मागे. तिथे मिनल नर्स एकटीच होती. तिने पाय पाहिला, आवळलेलं फडकं सोडलं, पायाला फळी लावून पट्टी गुंडाळली आणि पाय अजिबात हलवू नका म्हणाली. हे सगळं करताना तिचा एक कान फोनलाच होता. अॅम्ब्युलन्स हाटकेशच्या बाजूला एका पेशंटला घेऊन गेली होती.

"इंजेक्शन दे ना आधी," टेरेझा म्हणाली.

"इथे नाहीय, काकी. पावसाळ्याआधीच सगळी मोठ्या हॉस्पिटलला नेली."

टेरेझाने तिथूनच गेविनला फोन लावला. गेविन तिचा थोरला मुलगा. कासबंदरच्या कोळीवाड्यातून शिकून डॉक्टर झालेला पहिला माणूस, आणि गेल्या वर्षापासून आरोग्य खात्याचा मोठा साहेब. शहरातले आणि गावांतले सगळे सरकारी दवाखाने त्याच्या हाताखाली होते. तो मीटिंगमध्ये होता, पण त्याने फोन उचलला. ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला आणा, मी सांगून ठेवतो, म्हणाला. सांगूनही ठेवलं.

मासळीच्या टेंपोत गोणपाट अंथरून स्टेफनीला निजवलं. राई-मुर्ध्याच्या अरुंद रस्त्यात शाळांच्या बसेस सुटल्या होत्या. टेंपो तिथे जो अडकला तो अडकला. टेरेझाने स्टेफनीचा पाय दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता. तिच्या हातांखाली तो पाय फुगत गेला, चांदीचं पैंजण मांसात रुतलं. भाईंदरला पोचेपर्यंत स्टेफनीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ती सारखी विचारत होती, फिओनाला शाळेतून कोण आणेल. फिओना तिची मुलगी, पहिलीतली.

हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन मिळालं. पण विष रक्तात भिनलं होतं, मूत्रपिंडं बंद पडली. तिसऱ्या दिवशी स्टेफनी गेली. तिथला तरुण डॉक्टर बस्त्यावला म्हणाला, लगेच मिळालं असतं तर गोष्ट वेगळी होती. सहज म्हणाला, जसं कोणीही म्हणेल. बस्त्यावने ते ऐकून घेतलं आणि गावात कोणालाच सांगितलं नाही. तरी ते गावात पोचलं, आणि इंजेक्शनं कोणाच्या हुकमाने गेली तेही.

*

गावात कोणी टेरेझाला टाकून बोललं नाही. तसं बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. पहाटे बोट लागली की बायका मासळी वाटून घेत आणि पाट्या डोक्यावर घेत. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घेता येत नाही, समोरून कोणीतरी हात द्यावा लागतो. पूर्वी ती पाटीपाशी वाकली की दोन बायका आपोआप यायच्या. आता ती वाकायची आणि थांबायची. बायका आपापल्या कामात. शेवटी कोणीतरी यायचं, पाटी उचलून द्यायचं आणि तिच्या तोंडाकडे न बघता निघून जायचं.

गेविन मोठा साहेब झाला तेव्हा गावाने नाक्यावर त्याचा बॅनर लावला होता, सूट घातलेला फोटो आणि खाली 'कासबंदरचा सुपुत्र'. एका सकाळी तो बॅनर तिथे नव्हता. दोन दिवसांनी व्हिक्टरला तो किनाऱ्यावर दिसला. कोणीतरी जाळ्यांच्या ढिगावर दवापासून आडोसा म्हणून टाकला होता. गेविनचं तोंड वर होतं, त्यावर कावळ्यांनी घाण केलेली. व्हिक्टरने खिशातला रुमाल काढला, मग परत खिशात ठेवला आणि बोटीकडे गेला. घरी आल्यावर त्याने हे टेरेझाला सांगितलं, आणि त्या दिवशी जेवला नाही.

बस्त्याव बोटीवर यायचा. सुकाणू धरायचा, डोलीचं जाळं सोडायचा, ओढायचा. ओहोटीची वाट बघत दोघे बोटीत बसायचे, पूर्वी त्या वेळात त्यांच्या गप्पा संपायच्या नाहीत. आता बस्त्याव कामापुरतंच बोलायचा. व्हिक्टर घरी येऊन म्हणाला की हा मला शिव्या देत नाही, त्याचंच भय वाटतं.

आणि वलांडीवर टेरेझा एकटी. बोंबील जोडीने टांगतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. ती जोड्या लावून द्यायची आणि स्टेफनी पलीकडून घेऊन दोरावर टाकायची, असं किती वर्षं चाललेलं. स्टेफनी गेल्यावर आठवडाभराने टेरेझाने जोडी लावली आणि डावीकडे हात पुढे केला. तिच्या हातातून जोडी घेतली गेली. ती पुढची जोडी लावायला लागली आणि मग तिच्या लक्षात आलं. खाली पाहिलं तर बोंबील वाळूत पडले होते. तिने ते धुऊन घेतले. पण घेणाऱ्या बोटांचा ओला थंडावा तिच्या बोटांना खरंच जाणवला होता.

त्यानंतर ते थांबेना. दोरांच्या पलीकडे बोंबलांच्या रांगांखाली तिला पावलं दिसायची, एक पाऊल सुजलेलं. वाकून बघितलं की वाळू. वारा पडलेला असताना एकच दोर हलायचा. तिने फादरना सांगितलं, घरात पाणी शिंपडून घेतलं. फादर म्हणाले, तिच्यासाठी प्रार्थना करा. टेरेझा करतच होती. तिला भूत काढायचं नव्हतं. स्टेफनी येते ती काहीतरी मागायला येते, आणि ते आपल्याकडे नाही, एवढंच तिला कळत होतं.

*

नोव्हेंबर लागला होता. एका दुपारी मिनल नर्स वलांडीपाशी येऊन उभी राहिली. साध्या पंजाबी ड्रेसात, खांद्याला पिशवी. तिला कामावरून कमी केलं होतं. चौकशी बसली होती आणि समितीने पहिल्या अहवालात असं काढलं की नर्सने पेशंट पुढे पाठवायला उशीर केला, फडकं सोडण्यात आणि पट्टी बांधण्यात वेळ घालवला. ती कंत्राटावर होती, त्यामुळे एका फोनवर घरी बसली. मिनल राईची, घरी आजारी सासरा. ती टेरेझाकडे काम मागायला आली होती. बोंबील साफ करायला, टांगायला, काहीही.

टेरेझा तिच्याकडे बघत राहिली. मिनलने एक क्षणही वाया घालवला नव्हता, हे टेरेझाने डोळ्यांनी पाहिलं होतं. समितीने टेरेझाला काही विचारलंच नव्हतं.

"तू का गप्प बसलीस?" टेरेझाने विचारलं.

"गप्प नव्हते बसले. सांगितलं सगळं."

"कोणाला?"

मिनल पाटीपाशी बसली आणि बोंबील उचलून जोडी लावायला लागली. "सरांना विचारा, काकी," ती म्हणाली. "मी तुमच्या दारात येऊन तुमच्या मुलाबद्दल बोलणार नाही."

ती दुसऱ्या दिवसापासून यायला लागली. स्टेफनीच्या जागेवर उभी राहायची. हात चलाख होते, पण मिठाने आणि मासळीच्या काट्यांनी चार दिवसांत फाटले. गावातल्या बायका तिच्याशीही बोलत नव्हत्या. अशा त्या दोघी, भर उन्हात, दोरांच्या दोन बाजूंना. आणि त्या दोघींच्या मध्ये कोणीतरी तिसरी आहे असं टेरेझाला दिवसभर वाटायचं.

आठवडा संपता संपता तिने चांगलं लुगडं नेसलं आणि बस धरून शहरात सिल्व्हर पार्कला गेविनच्या फ्लॅटवर गेली.

गेविन घरीच होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्याने तिला सोफ्यावर बसवलं आणि न विचारताच सगळं समजावून सांगायला लागला. छोट्या दवाखान्यांत सापाची इंजेक्शनं पडून पडून तारीख उलटून जायची. फेकून द्यावी लागायची. त्यावरून वरचे लोक बोलले. तेव्हा त्याने ठरवलं की सगळा साठा एका जागी ठेवायचा, म्हणजे वाया जाणार नाही आणि मोजदादही राहील. इतर शहरांतही असंच करतात. निर्णय चुकीचा नव्हता, माय, तो म्हणाला. अॅम्ब्युलन्स वेळेवर असती तर काही झालं नसतं.

टेरेझाने विचारलं, मिनलने तुला काय सांगितलं होतं.

त्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला की तिने मीटिंगमध्ये हात वर केला होता. कासबंदर लांब आहे, रस्ता एकच, आमच्याकडचं तेवढं ठेवा, म्हणाली होती. मी बघू म्हटलं. खूप विषय होते त्या दिवशी.

"हे तू त्या समितीला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही. त्यांनी जे विचारलं त्याची मी खरी उत्तरं दिली."

"आणि ती पोर माझ्याकडं बोंबील टांगते."

त्याला हे माहीत नव्हतं. तो उठून खिडकीशी गेला. म्हणाला, वरून सांगितलंय, चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणाशी काही बोलायचं नाही. स्टेफनीच्या घरीसुद्धा जायचं नाही, त्याचा वेगळा अर्थ निघेल.

टेरेझा म्हणाली की साहेब म्हणून काय बोलायचं ते तू बघ, मला त्यातलं कळत नाही. पण तू स्टेफनीच्या दारात आला नाहीस. तिच्या मातीलाही मागे उभा राहिलास आणि तसाच गाडीत बसलास. ती येते माझ्याकडे. रोज येते.

तिला वाटलं होतं तो हसेल, नाहीतर डॉक्टरी सांगेल. तो मागे वळला तेव्हा त्याचं तोंड पांढरं झालं होतं.

"वॉर्डात मी गेलो होतो दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "कॉटच्या पायाशी उभा राहिलो. तिने मला ओळखलं. बस्त्यावला म्हणाली, दादा आलाय, आता मना काय न्हाय होत." तो थांबला. "ती हसली, माय. रक्त होतं दातांना. मी काही बोललो नाही, मान हलवली. ऑफिसात कोणी दार उघडलं की मला तेच ऐकू येतं. दादा आलाय."

टेरेझाने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की तो असाच दिसायचा. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिने ते केलं नाही. समोरचा चहा तसाच ठेवून ती उठली.

"स्टेफनीच्या महिन्याची मिस हाय सोमवारी," ती म्हणाली. "यायचं तर ये."

*

सोमवारी चर्चमधली मिस संपून लोक पांगत होते तेव्हा गेविन आला. गाडी नाक्यावर ठेवून चालत आला. रस्त्यातले लोक बाजूला झाले. टेरेझा आणि व्हिक्टर बस्त्यावच्या ओसरीवर बसले होते, बाहेरचं आणखी कोणी नव्हतं. बस्त्याव सुई घेऊन फाटलेलं जाळं विणत होता. चर्चचे कपडे अजून अंगावर होते. फिओना आत भिंतीला टेकून पाव खात होती.

गेविन उंबऱ्याच्या खालीच उभा राहिला. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

"बस्त्याव," तो म्हणाला, "इंजेक्शन इथून मी नेलं. मिनलने मला सांगितलं होतं नेऊ नका म्हणून. मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. तिची चूक नाही. अॅम्ब्युलन्सवाल्याची पण नाही. चूक माझी आहे."

बस्त्यावने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"हे तिकडं सांगितलंस?"

"उद्या सांगणार आहे."

"मग तुझी खुर्ची जाईल."

"जाईल."

बस्त्यावने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. त्याचा आवाज चढला नाही. "एक सांग मना. त्या बांबूचं एक टोक तुझ्या मायच्या हातात होतं. तिलाच चावला असता तर?"

गेविनने टेरेझाकडे पाहिलं. तिला वाटलं तो मान खाली घालेल. त्याने घातली नाही.

"तरी इथे इंजेक्शन नसतं," तो म्हणाला.

व्हिक्टरने हात तोंडावर नेला. टेरेझाच्या डोळ्यांपुढे ते सगळं आलं. ढिगातला तो बांबू, त्याची दोन टोकं, आणि कोण कुठल्या बाजूला उभं राहायचं हे ठरवलंही नव्हतं. आपल्यालाही तसंच टेंपोत घालून न्यावं लागलं असतं, आणि आपलाच मुलगा फोनवर हेच बोलला असता की आणा, मी सांगून ठेवतो. स्टेफनीला काय हवं होतं ते तिला त्या वेळी कळलं. तिच्या जागी टेरेझा असती तर तिलाही तेवढंच हवं असतं, की ज्याने केलं त्याने ते म्हणावं.

गेविनने माफी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं होतं, पण बस्त्यावने हात वर केला.

"ऐकलं," तो म्हणाला. "आता जा."

दुसऱ्या दिवशी गेविनने समितीपुढे सगळं सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घ्यायला टाळाटाळ केली तेव्हा स्वतः लिहून दिलं. त्याला पदावरून काढलं आणि लांबच्या जिल्ह्यात, जिथे पेशंट नाही आणि दवाखाना नाही, अशा एका कचेरीत बसवलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मिनलला काढल्याचा हुकूम रद्द व्हायला फेब्रुवारी उजाडला. तोवर ती वलांडीवरच होती. गेविनच्या जागी आलेल्या नव्या साहेबाने लांबच्या दवाखान्यांत इंजेक्शनं परत ठेवायला लावली. कासबंदरच्या फ्रिजमध्येही ती आली आणि आठवड्यातून तीन दिवस एक डॉक्टर यायला लागला.

बस्त्याव मात्र गेविन येऊन गेला त्याच आठवड्यात इंजिनाची चावी घेऊन व्हिक्टरकडे आला होता. ती त्याने ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, काका, मी दुसऱ्या बोटीवर जातोय. तुमच्यावर राग न्हाय. पण तुमच्या तोंडात मना त्याचं तोंड दिसतं. व्हिक्टरने चावी उचलली आणि बरं म्हणाला. त्या वर्षी तो भाड्याचा तांडेल घेऊन समुद्रावर गेला, आणि निम्मे दिवस बोट खडकालाच बांधलेली राहिली.

टेरेझाला दोरांखाली पावलं दिसायची थांबली. केव्हा थांबली तेही तिच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे तिला हलकं वाटायला हवं होतं. पण कधी कधी ती मुद्दाम वाकून बघायची आणि नुसती वाळू दिसली की आपण दोनदा एकटे पडलो असं तिला वाटायचं.

*

मे महिन्यात पावसाआधी जाळी आवरायचं काम निघालं. बर्फाचा टेंपो चालवणारा महिपत वरसाव्याहून आला होता. बर्फ उतरवून झाल्यावर तो हातभार लावायला म्हणून जाळी उचलायला गेला आणि ओरडून खाली बसला. त्याच्या पोटरीवर दोन टिपके होते. जाळ्याखालून घोणस गेलेली चार जणांनी पाहिली.

त्याला उचलून दवाखान्यात नेलं. सगळं गाव मागे. मिनल होती, डॉक्टरही त्या दिवशी होता. दार लावून घेतलं.  टेरेझा भिंतीपाशी उभी होती, तिच्या हातांना बोंबलाचा वास होता. गर्दीच्या मागे तिला बस्त्याव दिसला, हातात अर्धवट गुंडाळलेला दोर घेऊन उभा. त्याची नजर दारावरून हलत नव्हती.

दुपार कलायला आली तेव्हा मिनल बाहेर आली. घामाने भिजलेली. म्हणाली, इंजेक्शन वेळेत गेलंय, डॉक्टर म्हणतात धोका टळला. खबरदारी म्हणून अॅम्ब्युलन्सने पुढे पाठवतोय. आतून महिपतचा आवाज आला, चहा मिळेल का म्हणून. गर्दीत कोणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. बायकांनी क्रूस केला. मिनल दाराच्या चौकटीला टेकली आणि तिने डोळे मिटले.

बस्त्याव हसला नाही. त्याच्या हातातला दोर खाली पडला. तो वळला आणि किनाऱ्याकडे चालायला लागला. टेरेझा गर्दीतून वाट काढत त्याच्या मागे गेली. सहा महिने तो तिच्याशी बोलला नव्हता, आपण काय बोलणार हेही तिला माहीत नव्हतं.

तो रिकाम्या वलांड्यांच्या पलीकडे, पाण्याच्या अलीकडे थांबला. ती पोचली तेव्हा त्याने मागे न बघताच विचारलं.

"एवढंच होतं, काकी?"

ती आणखी दोन पावलं पुढे आली.

"एक सुई. एवढंच होतं?"

टेरेझाच्या मनात पुष्कळ काही आलं. देवाची इच्छा, रस्ता, शाळेच्या बसेस. लोक म्हणतात ते सगळं.

"हो," ती म्हणाली. "एवढंच होतं."

बस्त्याव वाळूत बसला. स्टेफनी गेल्यापासून त्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, तिला पुरतानाही नाही. आता तो गुडघ्यांत डोकं घालून असा रडायला लागला की त्याची पाठ उसळत होती. गावाकडून लोकांचे आवाज येत होते, कोणीतरी चहाची किटली घेऊन दवाखान्याकडे धावत होतं. टेरेझा त्याच्या आणि गावाच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिने लुगड्याचा पदर वाऱ्यावर पसरून धरला, म्हणजे तिकडून कोणाला तो दिसू नये.